कागदापुरतं

सुदर्शनचा हात लिहिता होता. अर्ज असो, दाखला असो, की काम पूर्ण झाल्याचा अहवाल असो, त्यानं लिहिलेला कागद वरून कधी परत येत नसे. बारा वर्षं जव्हारला आणि नंतर मोखाड्याला, अशी त्याची नोकरी झाली. खातं कोणतं ते सांगून काही उपयोग नाही. टेबलापुढं उभा राहिलेला माणूस अंगठ्याला शाई लावून घेताना जरा थबकला, की सुदर्शन मान वर न करता म्हणायचा, "घाबरतोस कशाला? कागदापुरतं आहे." न खोदलेल्या विहिरी, न लावलेली झाडं, गावात न राहणाऱ्यांचे रहिवासाचे दाखले, त्याच्या टेबलावरचं सगळं या एका शब्दावर चालत आलं होतं. त्यातून कुणाचं काही बिघडलेलं त्याला दिसलं नव्हतं. ज्यांचं बिघडतं ती माणसं पुन्हा टेबलापर्यंत येत नाहीत, हे कळायला त्याच्या स्वतःवर वेळ यावी लागली.

चार वर्षांपूर्वी श्रावणात त्याची बायको ममता गेली. दुसऱ्या वेळचा सातवा महिना होता. रक्त जायला लागलं म्हणून मोखाड्याहून नाशिकला निघाले आणि तोरंगणच्या घाटात गाडीतच सगळं संपलं. पोटातलं मूलही गेलं. शेवटचं ती बोलली ते एवढंच, की गॅस बंद केलात का. तो म्हणाला, केला. केला होता की नाही ते त्याला माहीत नव्हतं. गॅसचं पुस्तक अजून तिच्याच नावावर आहे. सिलिंडरवाला दारात येऊन ममताताई आहेत का विचारतो, आणि मेलेल्यांची नावं कमी करून देण्यात ज्याची सगळी नोकरी सरली तो हा माणूस तिच्या नावानं सही करून सिलिंडर आत ओढून घेतो.

मागं राहिली तीन वर्षांची वेणू.

सुदर्शनचे आईवडील नव्हते. सासू जामसरला, तीही गुडघ्यांनी बसलेली. शेजारची सपना दिवसभर वेणूला बघायची, पण तिचीही दोन होती. बाराव्याला ममताची धाकटी बहीण योगिता न्यूझीलंडहून आली. तिचा नवरा तुषार तिकडे दूध पावडरच्या कारखान्यात होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. योगिता दीड महिना राहिली. वेणू तिच्या पदराला अशी चिकटली की ती न्हाणीत गेली तरी बाहेर बसून राहायची. योगिताचं तोंड ममतासारखं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. सुदर्शनलाही दिसत होतं, म्हणून तो घरात कमी थांबायचा.

जाताना योगितानं विषय काढला. दोन वर्षं वेणूला तिकडे नेते म्हणाली. तुम्ही सावरा, पोर शाळेच्या वयाची झाली की परत आणून देते. सुदर्शनला ते पटलं. अडचण एकच होती. भाचीला म्हणून तिकडे राहायला परवानगी मिळत नव्हती, मुलीला म्हणून मिळत होती. तुषारनं फोनवर चौकशी करून सांगितलं की दत्तक घेतल्याचा नोंदणी केलेला कागद लागेल. तो हे सांगताना चाचरत होता. सुदर्शनच म्हणाला, "त्यात काय? कागदापुरतं करून टाकू."

दत्तकपत्र त्यानं स्वतः लिहिलं. वकील केला नाही. कागद मऊ असला की वरचे लोक शंका काढतात, हा त्याचा अनुभव होता, म्हणून त्यानं तो दगडासारखा केला. मी मुलीचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे. मी राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, कायमस्वरूपी देत आहे. यापुढे माझा किंवा माझ्यातर्फे कोणाचाही मुलीवर हक्क राहणार नाही. आज रोजी साक्षीदारांसमक्ष मुलीस प्रत्यक्ष त्यांच्या स्वाधीन केले व त्यांनी स्वीकारले.

नोंदणी जव्हारला माघात झाली. योगिता आणि तुषार त्यासाठी पंधरा दिवस येऊन गेले. नेमका त्या दिवशी वेणूला ताप होता. तिला मोखाड्याला सपनाकडे ठेवून मोठी माणसंच जव्हारला आली. साक्षीला तुषारचे काका होते, दुसरा साक्षीदार येतो म्हणून आला नाही. तेवढ्यात वांगणीचा मंगळू सुदर्शनला बघून मागं धावत आला. जव्हारच्या नोकरीत असताना सुदर्शननं त्याची विहीर मार्च महिन्यात कागदावर पूर्ण करून टाकली होती; जागेवर कमरेएवढा खड्डा होता. तेव्हापासून मंगळू विचारत होता. सुदर्शन त्याला म्हणाला, आधी इथं सही कर, मग विहिरीचं बघू. मंगळूला सही येत होती. एकेक अक्षर जपून काढत त्यानं ती केली आणि जाताना विहिरीचं लक्षात ठेवा म्हणाला.

मूल परदेशी न्यायला दिल्लीच्या दत्तक खात्याची ना-हरकत लागत होती, तिच्या चौकशीला पुढं जिल्ह्याहून एक बाई आल्या. घर बघितलं, माणसांशी बोलल्या, समाधानानं गेल्या. वर्ष सरता सरता वेणू विमानात बसली. ती चार वर्षांची होती.

रविवारी सकाळी सातला फोन यायचा. तिकडे तेव्हा दुपार असायची. वेणू पडद्यावर दिसायची, शाळेतलं काहीबाही सांगायची. पहिल्या वर्षी मराठीत. दुसऱ्या वर्षी मध्येच अडायची आणि योगिताकडे बघायची, मग योगिता शब्द द्यायची. तिसऱ्या वर्षाच्या चैत्रात सुदर्शननं म्हटलं, जूनमध्ये इथं शाळेत नाव घालायचं आहे, मे महिन्यात घेऊन या.

योगितानं वेणूला बाहेर खेळायला पाठवलं. मग फोन तुषारकडे दिला. तुषारनं हवापाण्याचं विचारलं आणि तो परत योगिताकडे दिला.

"भाऊजी," योगिता म्हणाली, "ती इथं रुळलीय."

"दोन वर्षं ठरली होती ना?"

"बोलण्यात होती. कागदात कुठं आहेत?"

सुदर्शनला वाटलं ती थट्टा करते आहे. तो हसलासुद्धा. योगिता हसली नाही.

"तुम्हीच लिहिलंय, तुमचा हक्क राहणार नाही. मी नाही लिहिलं. त्या वेळी मला तुमची लाज वाटली होती, खरं सांगते. असं कसं कुणाला लिहवतं? आता ती मला आई म्हणते. मी कुणाला विचारून तिला परत देऊ?"

तिथून त्याची वणवण सुरू झाली. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर त्यानं तक्रार टाकली. उत्तर आलं की हा खाजगी वाद आहे, योग्य न्यायालयात जावं. हे उत्तर वाचताना त्याला ओळखीचं काहीतरी वाटलं. अशी उत्तरं त्यानंही शेकड्यांनी पाठवली होती. ठाण्याच्या एका मोठ्या वकिलानं त्याला तीन तास बाकड्यावर बसवून एकच प्रश्न विचारला, मुलगी भारतात आहे का. नाही म्हटल्यावर त्यानं पुढच्या माणसाला आत बोलावलं. मोफत सल्ल्याच्या खिडकीवर सांगण्यात आलं की तुमचा पगार मर्यादेत बसत नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, जव्हारला आशालताबाई आहेत. तोंडानं वाईट आहेत, पण कागद पूर्ण वाचतात.

आशालताबाईंचं ऑफिस एसटी स्टँडमागं औषधाच्या दुकानाच्या वर होतं. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि हातात पेन्सिल धरून दत्तकपत्र एकेक ओळ वाचलं. पहिल्या पानावर पेन्सिल कुठं टेकली नाही. दुसऱ्यावरही नाही.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

"वकील नव्हता?"

"नाही."

"तरीच. वकिलानं लिहिलं असतं तर कुठंतरी भोक राहिलं असतं."

सुदर्शननं सगळं सांगितलं. दोन वर्षांचा बोल, व्हिसाची अडचण, कागद कसा नुसता दाखवण्यापुरता होता. बाई मध्ये बोलल्या नाहीत. तो थांबल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, आणि त्यात समजूत काढण्यासारखं काही नव्हतं. नवराबायकोचं मोडतं, भागीदारी मोडते, पण दत्तक एकदा दिलं की देणाऱ्याला ते मोडता येत नाही. परदेशात पळवून नेलेली मुलं परत आणायला देशादेशांत एक करार आहे, त्यावर आपल्या देशाची सही नाही.

"आणि असती तरी तुमची पोर पळवलेली नाही, भाऊ. तुम्ही विमानतळावर तिला टाटा करायला गेला होतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

तो उठायला लागला. बाईंनी खुणेनं त्याला बसवलं आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी पहिल्यांदा पेन्सिल टेकवली. मुलीस प्रत्यक्ष स्वाधीन केले, ती ओळ. त्या म्हणाल्या की नुसत्या कागदानं दत्तक होत नाही, मूल खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात जावं लागतं. ते नसेल तर कागद कितीही गोड असो, दत्तक झालंच नाही असं म्हणता येतं.

"त्या दिवशी मुलगी तुमच्या मांडीवरून त्यांच्या मांडीवर गेली?"

"ती नव्हतीच. तापानं घरी होती."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे कोण सांगेल?"

"मी सांगतो."

"तुमच्या सांगण्याला आता कोण विचारतं? तुम्ही एकदा याच्या उलट लिहून दिलंय, तेही इतकं चांगलं. सपना सांगेल पोर माझ्याकडे होती, पण ती शेजारीण. समोरचे म्हणतील, तुमच्या पदरची आहे. साक्षीदार कोण आहेत?"

एक तुषारचे काका. दुसरं नाव बाईंनी वाचलं, मंगळू, राहणार वांगणी.  सुदर्शननं बाईंना विहिरीचं सांगितलं नाही.

वैशाखातल्या एका दुपारी तो वांगणीला गेला. वावर गावापर्यंत जीप, पुढं पायी. मंगळूचं घर त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं. घरामागं तो खड्डा होता. कडा ढासळून आता गुडघ्याएवढाच राहिला होता आणि त्यात दोन शेळ्या सावलीला बसल्या होत्या. मंगळू ओट्यावर दोर वळत होता. त्यानं भाऊसाहेबांना ओळखलं, बसायला गोणपाट दिलं आणि पुन्हा दोर हातात घेतला.

सुदर्शननं पाणी मागितलं.

"कमू आणाय गेली हाय," मंगळू म्हणाला. "येल आता. दोन टेकड्या हायत."

कमू, म्हणजे मंगळूची बायको, तासाभरानं दोन हंडे घेऊन आली. तोवर सुदर्शननं आपली गोष्ट सांगून संपवली होती. बायको गेली इथपासून पोर परत देत नाहीत इथपर्यंत. मंगळू ऐकत होता. ममता गेल्याचं ऐकून तो चुकचुकला, ते मनापासून होतं. त्याचीही एक मुलगी लहानपणीच तापानं गेली होती, तेही त्यानं सांगितलं. कमूनं हंडा उतरवून पेलाभर पाणी सुदर्शनपुढं ठेवलं. त्यानं ते एका दमात संपवलं आणि अजून मागायचं धाडस केलं नाही.

"तू एवढंच सांगायचं," सुदर्शन म्हणाला, "की सही केली तेव्हा तिथं लहान मूल नव्हतं. खरं आहे ते."

"खरं हाय. पोर नवती. सांगन मी."

 सुदर्शन त्याचा हात धरायला पुढं झाला.

"पण मना इचारतील, तू तिथं कशाला गेला व्हतास," मंगळू म्हणाला. "मग मी इहिरीचं पन सांगन."

"विहिरीचा काय संबंध? ते कोर्ट वेगळं, हे वेगळं. तू पोरीचं तेवढं बोल."

मंगळूनं दोराचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवला. "एक खरं नि एक खोटं मना जमाचं नाय, भाऊसाहेब. लिवनाऱ्याला जमतं."

मग सुदर्शननं त्याला जे येत होतं ते केलं. तो म्हणाला, विहीर मी देतो तुला. यंदाच्या यादीत नाव घालतो, स्वतः उभा राहून खोदून घेतो. मंगळू दोर वळत राहिला. उत्तर कमूनं दिलं.

"कशी देताय? आमची इहीर झाली ना. तुमच्या सायबांनी मना कापाटातून काढून दाखवली. पान्यानं भरल्याली, फोटूसकट." आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ हसली. पेला उचलून आत जाताना म्हणाली, "तुमची पोर पन तशीच झाली म्हनायची. हाय, पन कागदात नाय. आमची नाय, पन कागदात हाय."

मंगळूनं तिला दटावलं नाही.

परत येताना वावरला जीप मिळेपर्यंत सुदर्शन दगडावर बसून राहिला. विहीर बाहेर आली तर नोकरी जाणार, शिवाय गुन्हा. न आली तर वेणूचा दरवाजा कायमचा बंद. त्यानं मनातल्या मनात कागद लिहून पाहिला, नेहमी लिहायचा तसा, की दोन्ही वाचतील. चार प्रकारांनी लिहिला. एकही जमला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आशालताबाईंकडे गेला आणि विहिरीसकट सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत. मग म्हणाल्या, दावा लावला की रविवारचे फोन बंद होतील हे धरून चाला. दहा मिनिटं का होईना, आज ती तुम्हाला दिसते. हरलात तर तेही जाईल, नोकरी जाईल, आणि जिंकलात तरी इथला निकाल तिकडे कुणी ऐकेलच असं नाही. मी फी घेणारी बाई आहे, तरी सांगते, विचार करा.

"ती मला परत पाहिजे," सुदर्शन म्हणाला.

"ते सगळ्यांनाच पाहिजे असतं," बाई म्हणाल्या आणि कोरा कागद पुढं ओढला.

या वेळी मसुदा बाईंनी केला. सुदर्शन समोर बसून सांगत गेला. मी खोटे लिहिले. मी चौकशीस आलेल्या अधिकाऱ्यांना खोटी माहिती दिली. साक्षीदार मंगळू यास विहिरीचे आमिष दाखवून सही घेतली. मंगळू ठरल्या दिवशी जव्हारला प्रतिज्ञापत्र करायला आला, धुतलेला सदरा घालून, आणि विचारलं तेवढं सगळं बोलला. बाहेर आल्यावर सुदर्शननं त्याला चहा विचारला. नको म्हणाला.

दावा लागला आणि जे व्हायचं होतं ते महिन्याभरात झालं. वांगणीला चौकशी आली, खड्डा मोजून गेली. मंगळूला जबाब द्यायला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा त्याची मजुरी बुडाली, आणि विहीर काही मिळाली नाही. सुदर्शन निलंबित झाला. आदेश घ्यायला गेला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा हेमंत, ज्याला कागद लिहायला त्यानंच शिकवलं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय सुदर्शनराव, खरोखरचं निलंबन का कागदापुरतं?" माणसं हसली. पोच म्हणून सही करताना सुदर्शनचं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

रविवारी सातला फोन आला नाही. त्यानं लावला तर लागला नाही. पुढच्या रविवारी सपनाच्या फोनवरून लावला. तुषारनं उचलला, आवाज ओळखला आणि काही न बोलता ठेवून दिला. जामसरहून सासूनं निरोप पाठवला की एक लेक देवानं नेली, दुसरीला तू कोर्टात खेचलंस, आता माझ्या दारात येऊ नकोस.

पाऊस आला आणि गेला. दोन तारखा पुढं ढकलल्या. गणपती उठले, दसरा झाला. सुदर्शन घरी बसून असायचा. लोक आधी अर्ज लिहून घ्यायला यायचे, तेही बंद झाले. त्याच्या हातचा कागद आता कुणाला नको होता. दिवाळीच्या आधी आशालताबाईंचा फोन आला की तिकडून उत्तर आलंय, या.

बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतः उठून खिडकी लावून घेतली, खाली गाड्यांचा आवाज होता म्हणून. टेबलावर इंग्रजी कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी सांगितलं की योगिता आणि तुषार तिकडच्या कोर्टात गेलेत. तिकडची पद्धत अशी, की मुलासाठी कोर्ट वेगळा वकील नेमतं. तो मुलाशी एकटा बोलतो आणि ते काय म्हणालं ते लिहून देतो. वेणूसाठी एक बाई नेमल्या होत्या. त्यांनी लिहिलेलं दीड पान आशालताबाईंनी मराठीत करून ठेवलं होतं.

"वाचू?"

"वाचा."

बाई वाचायला लागल्या. त्यांचा आवाज कोर्टातलाच होता, सपाट.

"मुलगी सात वर्षांची आहे, चुणचुणीत आहे. भारतात आपले वडील आहेत हे तिला माहीत आहे. घरात ते लपवलेलं नाही. तिथलं काय आठवतं असं विचारलं. ती म्हणाली, फार नाही. एक गोष्ट नीट आठवते. एक बाई विचारायला येणार होत्या, त्याच्या आधी बाबा मला समोर बसवून म्हणायला लावायचे, मला मावशीकडेच राहायचं आहे. मी बरोबर म्हटलं की बाबा शाबास म्हणायचे. मी रडत रडत म्हटलं तर ते म्हटलेलं धरायचे नाहीत. तोंड पुसून परत म्हणायला लावायचे. खूप वेळा म्हटलं. मग बाई आल्या तेव्हा मी न रडता म्हटलं."

सुदर्शनला आठवलं. इतका वेळ आठवलं नव्हतं, आत्ता आठवलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिला बसवलेलं. आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी. तिच्या फ्रॉकची बाही ओली झाली होती म्हणून त्यानं फ्रॉकच बदलला होता, बाईंना दिसू नये म्हणून.

आशालताबाईंनी पान उलटलं.

"मी तिला विचारलं, तुला परत जायचं आहे का. ती म्हणाली, नाही. मग तिनं मला एक प्रश्न विचारला. त्या वेळी मी चुकीचं म्हटलं असतं तर बाबांनी मला ठेवून घेतलं असतं का. मी म्हटलं, मला माहीत नाही."

पान संपलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान पालथं ठेवलं. मग त्या वकील झाल्या.

"त्यांच्या वकिलाला वाटलं हे तुमच्याविरुद्ध आहे, म्हणून त्यानं जोडून पाठवलंय. खरं तर हे तुमच्या बाजूचं आहे. चौकशी बनावट होती, मुलीला पढवलं होतं, हे खुद्द मुलगी सांगते आहे. मंगळूची साक्ष एकीकडे आणि हे एकीकडे. याच्यापेक्षा भक्कम पुरावा तुम्हाला जन्मात मिळणार नाही."

सुदर्शननं ते पालथं पान सुलटं केलं.

"पण नुसतं टिपण चालणार नाही. तिला व्हिडिओवर कोर्टापुढं बोलवावं लागेल, तसा अर्ज करावा लागेल. हेच तिला परत सांगावं लागेल. मी विचारीन, मग त्यांचा वकील विचारील. तो सोपं विचारणार नाही. किती वेळा म्हणायला लावलं, कसं म्हणालीस, म्हणून दाखव. रडली तर थांबवतील, आणि पाणी पाजून परत विचारतील." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि एवढं करून ती तुम्हाला मिळेल का, मी सांगू शकत नाही. तुमची मुलगी आहे. तुम्ही सांगा."

खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. खिडकी लावली होती तरी ऐकू येत होतं.

"ती बोलेल तेव्हा," सुदर्शन म्हणाला, "मला पडद्यावर दिसेल का?"

"दिसेल. तुम्ही कोर्टात हजर असाल तर दिसेल."

"किती वेळ?"

"एखादा तास. जास्तच."

सुदर्शननं मान खाली घातली. टेबलाच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं, पुढं आणि मागं.

"करा अर्ज," तो म्हणाला.